स्वयंनोंदीची परंपरा व एकफलकी संगणक

१ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्रज ज्योतिर्विदाने सूर्यबिंबावर एक विलक्षण प्रखर उद्रेक पाहिला. त्यापाठोपाठ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जे वादळ उठले, त्याची कमी अक्षांशाच्या प्रदेशातील अत्यंत मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. छायाचित्रणाने आपोआप नोंद करणारी उपकरणे त्या वेळी कुलाब्यास नव्हती. निरीक्षक डोळ्यांनी आकडा वाचीत व हाताने लिहून ठेवीत. हे वाचन एरवी तासातासाने होई. परंतु क्षेत्र चळू लागल्याचे ध्यानी येताच निरीक्षकांनी ते पंधरा-पंधरा मिनिटांनी व पुढे पाच-पाच मिनिटांनी घेण्यास आरंभ केला. या वाचनांच्या आधारे क्षेत्राचा क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला होता, असे त्सुरुतानी, गोन्झालेस, लखिना व अ‍ॅलेक्स यांनी २००३ साली, म्हणजे एकशे चव्वेचाळीस वर्षांनी, दाखवून दिले.

या प्रसंगाचे पृथक्करण केले असता त्यात चार घटक आढळतात : एक उपकरण, एक घड्याळ, एक वही, आणि वाचनाचे अंतर केव्हा कमी करावे हे ठरविणारा एक मनुष्य. स्वयंनोंदीचा इतिहास हा या चौथ्या घटकास हळूहळू निवृत्त करण्याचा इतिहास होय; आणि तो निवृत्त झाल्यावरच त्याच्याकडे प्रत्यक्षात किती कामे होती हे लोकांस उमगत गेले, असेही म्हणावे लागते. आज तळहाताएवढ्या एकाच फलकावर मावणाऱ्या संगणकास तापमापक जोडून जे नोंदयंत्र घरोघरी व महाविद्यालयांतून उभारले जाते, त्याचा विचार या परंपरेत ठेवूनच करणे इष्ट आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. अशा नोंदीस संगणकक्षेत्रात सर्रास ‘लॉग’ म्हणतात. या शब्दाचे मूळ लाकडाच्या ओंडक्यात आहे. गलबताच्या मागे दोरीस बांधलेला लाकडाचा तुकडा सोडावयाचा, ठरावीक वेळात दोरीच्या किती गाठी हातातून सरकल्या ते मोजावयाचे, व तो वेग वहीत लिहावयाचा, अशी पद्धत होती. त्या ओंडक्याचे नाव त्या वहीस मिळाले, आणि वहीचे नाव पुढे कोणत्याही कालानुक्रमे ठेवलेल्या नोंदीस चिकटले. मराठीत या अर्थास अधिक जवळचा व अधिक नेमका शब्द आधीपासून होता, तो म्हणजे ‘रोजकीर्द’. फारसी वळणाचा हा शब्द पेशवाईच्या दप्तरात पानोपानी भेटतो. रोजकीर्दीत जे जसे घडले ते त्याच क्रमाने, त्याच दिवशी उतरावयाचे. त्यावरून खात्यांप्रमाणे खतावणी नंतर करावयाची. खतावणी बिघडली तर रोजकीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. रोजकीर्द बिघडली तर खतावणीवरून ती उभी करता येत नाही. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

स्वयंनोंदीची कल्पना सतराव्या शतकाइतकी जुनी आहे. ख्रिस्तोफर रेन याने १६६३ मध्ये हवामानाची आपोआप नोंद करणाऱ्या घड्याळाचा आराखडा मांडला, व रॉबर्ट हूक याने ती कल्पना पुढे नेऊन कागदाच्या फितीवर भोके पाडणारे यंत्र सिद्ध केले. १८३१ मध्ये हेन्री पामर याचे भरतीमापक यंत्र शीरनेस येथे बसले. त्यात तरंगत्या गोळ्यास जोडलेली पेन्सिल घड्याळावर फिरणाऱ्या कागदावर रेघ ओढी. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीची नोंद १८७८ पासून उपलब्ध आहे. फ्रान्सिस रोनाल्ड्स याने क्यू येथे व चार्ल्स ब्रुक याने ग्रिनिच येथे १८४० नंतरच्या दशकात छायाचित्रणाच्या कागदावर प्रकाशकिरणाने रेघ उमटविण्याची युक्ती रूढ केली. कुलाब्यास ती १८७० च्या दशकात पोहोचली. या सर्व यंत्रांत एक साम्य आहे : रेघ यंत्र ओढी, पण कागद बदलणे, घड्याळास किल्ली देणे व रेघ कोठे तुटली ते समासात लिहिणे ही कामे मनुष्याकडेच राहिली.

एकफलकी संगणकाचा आरंभ सामान्यतः १९७६ सालाशी जोडतात. मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी ‘किम-१’ नावाचा फलक २४५ डॉलरांस विक्रीस काढला. त्यात स्मृती होती अवघी एक किलोबाइट, आणि उत्तर दाखविण्यास सहा अंकांची लहानशी पट्टी. तो वस्तुतः कंपनीच्या ६५०२ या प्रक्रियकाची ओळख अभियंत्यांस करून देण्यासाठी होता. परंतु हौशी लोकांनी तो उचलला व त्यास स्विचे, दिवे, तापमापके जोडण्यास प्रारंभ केला. त्याच प्रक्रियकावर १९८१ च्या अखेरीस केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ‘बीबीसी मायक्रो’ उभा केला. ब्रिटनमधील शाळांतून पसरलेल्या या यंत्राच्या पाठीमागे बदलता विद्युद्दाब सरळ वाचू शकणाऱ्या चार वाहिन्या होत्या, आणि त्यामुळे प्रयोगशाळेतील उपकरणांची नोंद घेणे हा त्याचा एक स्वाभाविक उपयोग ठरला.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी केंब्रिजमधूनच निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा याच घराण्यातला. त्याचा ए.आर.एम. प्रक्रियक एकॉर्नने १९८५ मध्ये घडविलेल्या प्रक्रियकाचा वंशज. त्याच्या ‘मॉडेल ए’ व ‘मॉडेल बी’ या नावांतही बीबीसी मायक्रोचे स्मरण आहे. पहिल्या मॉडेल बी ची किंमत ३५ डॉलर होती, स्मृती २५६ मेगाबाइट. एबेन अप्टन व त्याचे सहकारी यांचा हेतू मुलांनी आज्ञावली लिहावी हा होता. तथापि वंशजाने पूर्वजाचा एक गुण मात्र सोडून दिला : सतत बदलता विद्युद्दाब मोजण्याची सोय या फलकावर नाही. त्यास केवळ ‘आहे’ व ‘नाही’ एवढेच कळते. म्हणून त्यास जोडावयाचे संवेदक स्वतःच आकडा सिद्ध करून देणारे असावे लागतात, किंवा मध्ये रूपांतर करणारी वेगळी चिप बसवावी लागते.

अशा संवेदकांत डॅलस सेमीकंडक्टरचा ‘डीएस१८बी२०’ हा तापमापक सर्वांत परिचित आहे. तीन तारांचा हा लहानसा तुकडा उणे ५५ ते अधिक १२५ अंश सेल्सिअसपर्यंत वाचतो, अंशाचा सोळावा भाग वेगळा दाखवितो (त्याची खात्रीची अचूकता मात्र नेहमीच्या पल्ल्यात अर्ध्या अंशाचीच आहे, हे विसरले जाते), आणि पूर्ण सूक्ष्मतेने एक वाचन करण्यास पाऊण सेकंदापर्यंत वेळ घेतो. प्रत्येक तुकड्यावर कारखान्यातच ६४ अंकांची द्विमान ओळख कोरलेली असते, त्यामुळे एकाच तारेवर अनेक तापमापके ओवता येतात. कालव्याचे पाणी, धान्याची कोठी, मधमाश्यांची पेटी अशा ठिकाणी त्याची जलरोधक नळी उपयोगी पडते.

पण याच संवेदकाच्या ठायी नोंदशास्त्राचा पहिला धडा आहे. वीज मिळताच, मापन पूर्ण होण्यापूर्वी, त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा ठेवलेला असतो. मापन पुरे होण्याआधीच वाचन झाले, किंवा मध्ये क्षणभर वीज डगमगली, की हा ८५ नोंदीत येतो. संक्रमणात चूक झाली का हे ओळखण्यासाठी संवेदक प्रत्येक उत्तरासोबत एक तपासणी-अंक पाठवितो. परंतु ८५ हा स्मृतीतील आकडा बिनचूकपणेच पाठविलेला असल्याने तपासणीत तो उत्तीर्ण होतो. याच्या उलट तार जमिनीशी चिकटली तर सगळी शून्ये येतात, आणि शून्यांचा तपासणी-अंकही शून्यच असल्यामुळे तेही शून्य अंश म्हणून खपून जाऊ शकते. मुंबई-पुण्याच्या हवेत ८५ किंवा शून्य दिसले तर मनुष्य हसेल व पुन्हा वाचेल. यंत्रास हसता येत नाही. त्यास हे शिकवावे लागते. आणि शिकविताना एक मोह टाळावा लागतो. असंभाव्य आकडा खोडून त्या जागी मागचाच आकडा भरण्याची रीत अनेक आज्ञावलींत दिसते. ती रोजकीर्दीच्या धर्माविरुद्ध आहे. आलेला आकडा आला तसाच ठेवावा व शेजारी ‘संशयित’ अशी खूण करावी. जो आकडा आलाच नाही त्याची जागा रिकामी ठेवावी. १८५९ मध्ये कुलाब्याच्या निरीक्षकांनी ‘असे होणे शक्य नाही’ म्हणून खालचे आकडे वगळले असते, तर आज त्या वादळाची ही नोंद उरली नसती.

संवेदक कोठे ठेवावा हा प्रश्न जुनाच आहे. टॉमस स्टीव्हन्सन याने झडपांची पांढरी पेटी १८६० च्या दशकात सुचविली, ती हवामान-केंद्रांत अद्याप उभी दिसते. फलकावरच टेकवलेला तापमापक खोलीचे नव्हे तर संगणकाच्या स्वतःच्या उष्णतेचे तापमान सांगतो, एवढे येथे म्हटले म्हणजे पुरे.

आता वहीकडे वळावयाचे. रास्पबेरी पायची वही म्हणजे छायाचित्रकार वापरतात तेच मेमरी कार्ड. या कार्डातील स्मृती पानापानाने लिहिता येते, पण पुसता येते ती मोठ्या गठ्ठ्यांनीच. आणि प्रत्येक गठ्ठा मर्यादित वेळाच पुसून घेतो. दर सेकंदास दहा-वीस अक्षरांची ओळ लिहिली, तर त्या एका ओळीपायी आत कित्येक पट लिखाण होते व कार्ड अकाली जीर्ण होते. त्यातच लिहिण्याच्या नेमक्या क्षणी वीज गेली, तर केवळ शेवटची ओळच नव्हे, तर शेजारची जुनी पानेही नासू शकतात. ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन ज्यांनी अनुभवले आहे त्यांस या संकटाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

यावर जो तोडगा रूढ झाला तो रोजकीर्दीचाच होय, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास विशेष आल्हाददायक वाटावी. रिचर्ड हिप याने २००० साली निर्माण केलेली ‘एसक्यूलाइट’ ही माहितीसाठ्याची आज्ञावली अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेवरील कामातून जन्मली. वेगळा सेवक-संगणक चालू नसला तरी काम अडू नये ही तिची मूळ प्रेरणा. २०१० मध्ये तिला ‘आधी-लिहावयाच्या वही’ची पद्धत मिळाली : प्रत्येक बदल प्रथम एका स्वतंत्र वहीच्या शेवटी जोडावयाचा, आणि मुख्य कोष्टकात तो सवडीने न्यावयाचा. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना ती वही वाचून जेवढ्या नोंदी पूर्ण आहेत तेवढ्या स्वीकारावयाच्या व अर्धवट राहिलेली शेवटची ओळ टाकून द्यावयाची. कारकुनाने आधी रोजकीर्द लिहावी व मग खतावणी करावी, हा नियम ज्या कारणासाठी होता त्याच कारणासाठी हा आहे. मात्र कोणतीही वही काहीतरी किंमत मागतेच. नोंदी मिनिटभर स्मृतीत साठवून एकदम लिहिल्या तर कार्ड दीर्घायुषी होते, पण वीज गेल्यास ते मिनिट हरवते. किती मिनिटे गमावणे परवडेल, हे संगणकास ठरविता येत नाही. ज्यास त्या नोंदीची गरज आहे त्याने ते ठरवावयाचे असते.

जागा वाचविण्याची दुसरी रीत टोबियास ओटिकर या स्विस अभियंत्याने १९९९ मध्ये ‘आरआरडीटूल’ या आज्ञावलीत आणली. तीत साठ्याचा आकार पहिल्या दिवशीच ठरतो व पुढे कधी वाढत नाही. ताज्या नोंदी बारीक अंतराने राहतात. जसजशा त्या जुन्या होतात तसतशी त्यांची तासाची, मग दिवसाची सरासरी उरते, व मूळ आकड्यांवर नवे आकडे लिहिले जातात. संगणकांच्या जाळ्यावरील रहदारी पाहण्यास ही व्यवस्था नामी आहे. परंतु निसर्गाच्या नोंदीस ती सरसकट लावणे धोक्याचे आहे. कुलाब्याच्या १८५९ च्या आकड्यांची तासाची सरासरी घेतली, तर १,६०० चा तो खळगा पुष्कळच उथळ होतो. किंबहुना त्या वादळाची इतर वादळांशी तुलना करताना क्षणिक आकडा घ्यावा की तासाचा, यावर विद्वानांत वाद झाला तो यामुळेच. हा वाद होऊ शकला, कारण मूळ वाचने शिल्लक होती. सरासरीबरोबर निदान किमान व कमाल आकडे ठेवण्याची सोय त्या आज्ञावलीत आहे. पुष्कळांना ती ठाऊक नसते.

घड्याळाचा प्रश्न याहून कठीण. २०१२ च्या फलकावर वीज गेल्यानंतर चालू राहील असे घड्याळच नव्हते. किंमत कमी ठेवण्यासाठी ते गाळले होते. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बंद होताना, व अधूनमधून, तेव्हाची वेळ कार्डावर टिपून ठेवी, आणि पुन्हा सुरू होताना तीच वेळ खरी धरून चाले. रात्री दोनला गेलेली वीज सकाळी सहाला आली, तर संगणकाच्या लेखी अजून दोनच वाजलेले असत. पुढे जाळ्यावरून खरी वेळ मिळे तेव्हा घड्याळ एकदम चार तास पुढे उडी मारी. तोपर्यंतच्या नोंदी खोट्या वेळेखाली बसलेल्या असत, आणि जाळे न मिळाल्यास त्या तशाच राहत. जाळ्यावरून वेळ जुळविण्याची पद्धत डेव्हिड मिल्स याने १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. तिची सूक्ष्मता वाखाणण्याजोगी आहे, परंतु डोंगरातल्या पाणवठ्यावर जेथे जाळेच नाही तेथे ती काय करणार? म्हणून अनुभवी लोक नोंदीत भिंतीवरच्या वेळेबरोबर संगणक सुरू झाल्यापासूनचे सेकंदही लिहितात, कितव्यांदा सुरू झाला तो क्रमांक लिहितात, आणि वेळ जुळलेली होती की नव्हती याची खूण करतात. या तीन गोष्टी असल्या म्हणजे चुकलेली वेळ पुष्कळदा मागाहून दुरुस्त करता येते. २०२३ मध्ये निघालेल्या पाचव्या पिढीच्या फलकावर घड्याळ आले खरे, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घ्यावी लागते.

वेळ कोणती लिहावी, हाही प्रश्न मुंबईकरांस नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाल्यावरही ग्रिनिचच्या चार तास एकावन्न मिनिटे पुढे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होती. त्याआधी गाउस व वेबर यांच्या चुंबकीय संघाने १८३६ पासून ठरावीक दिवशी युरोपभर एकाच वेळी, ग्योटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, पाच-पाच मिनिटांनी वाचने घेण्याचा पायंडा पाडला होता. एकोणचाळीस मिनिटांच्या फरकाने दोन ठिकाणच्या वादळांचा क्रम उलटा दिसू शकतो, हे जाणणारा संशोधक जुन्या वहीत प्रथम शोधतो ते ‘वेळ कोणती’ हे टिपण. आजच्या नोंदयंत्राने १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद जागतिक वेळेत लिहावेत व स्थानिक वेळ फक्त दाखविण्यापुरती काढावी, हा संकेत त्याच अनुभवातून आलेला आहे.

नोंद घेणारी आज्ञावली कोणी समोर नसताना अहोरात्र चालावी लागते. अशा पडद्याआडच्या आज्ञावलीस इंग्रजीत ‘डीमन’ म्हणत. १९६३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील मंडळींनी मॅक्सवेलच्या काल्पनिक राक्षसावरून हे नाव उचलले, कारण तो न दिसता अविरत कणांची निवड करीत बसे. अलीकडे तिलाच ‘सेवा’ म्हणण्याचा प्रघात आहे. राक्षसाचा सेवक झाला. २०१० पासूनच्या ‘सिस्टिमडी’ या व्यवस्थेत सेवा कोलमडली तर ती पुन्हा उभी करण्याचा हुकूम दोन ओळींत देता येतो. संपूर्ण संगणकच थिजला तर चिपवरील पहारेकरी उपयोगी पडतो : त्यास ठरावीक अवधीत, फार तर पंधराएक सेकंदांत, थोपटले नाही तर तो संगणक बंद करून पुन्हा चालू करतो. मात्र हा पहारेकरी ‘संगणक जिवंत आहे’ एवढेच पाहतो. आज्ञावली नित्यनेमाने चालू आहे, कार्डावर ओळी पडत आहेत, आणि तार उंदराने कुरतडल्यामुळे प्रत्येक ओळ रिकामी आहे, ही अवस्था त्याच्या दृष्टीने निरोगीच. याकरिता शेवटची खरी नोंद केव्हाची, याचे उत्तर दुसऱ्या यंत्राने विचारीत राहिले पाहिजे. स्टॅनफर्ड-क्लार्क व निपर यांनी १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवरील उपकरणांसाठी जी ‘एमक्यूटीटी’ संदेशपद्धती आखली, तीत प्रत्येक उपकरण जोडले जातानाच आपले ‘मृत्युपत्र’ मध्यस्थाकडे ठेवून देऊ शकते. निरोप न घेता उपकरण नाहीसे झाले की मध्यस्थ ते जाहीर करतो.

राहता राहिला उपकरण बदलण्याचा प्रश्न. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे निश्चित झाले, व तारांतील प्रवाहामुळे कुलाब्याची चुंबकीय वाचने निरुपयोगी होणार हेही स्पष्ट झाले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग येथे चुंबकीय गुण नसलेल्या दगडाची नवी वेधशाळा उभारून घेतली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. पण कुलाबा त्या दिवशी बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या, आणि त्यांच्या तुलनेवरून दोन मालिकांतील फरक निश्चित झाला. ट्राम १९०७ च्या मे महिन्यात धावली. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी मूस यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केल्या, व अलिबागची मालिका त्यांस जोडून पुढे चालू राहिली.

डीएस१८बी२० बिघडला की दुकानातून दुसरा आणून त्याच तारांस जोडावयाचा, हा सार्वत्रिक शिरस्ता आहे. दोन तुकड्यांत अर्ध्या अंशाचा फरक सहज असू शकतो, आणि आलेखात त्या दिवशी एक पायरी उमटते. पाच वर्षांनी पाहणारा ती हवामानाची समजतो. काही आज्ञावली संवेदकाची ६४ अंकी ओळख टाकून ‘अंगण’ किंवा ‘गच्ची’ एवढेच नाव लिहितात, त्यामुळे पायरीचे कारण शोधण्याचा मार्गही बंद होतो. नोंदीच्या प्रत्येक ओळीत ही ओळख ठेवणे, स्थळाचे नाव वेगळ्या कोष्टकात तारखांसह ठेवणे, आणि जुना संवेदक पूर्ण बंद पडण्यापूर्वी नवा त्याच पेटीत शेजारी काही आठवडे चालविणे, एवढ्याने काम भागते. दोन्ही तुकडे त्याच एका तारेवर राहू शकतात. त्यासाठी फलकावर जास्तीची जागाही लागत नाही.